दोन-दहाच्या बांगड्या

"आता जे सांगणार आहे त्यावर तुमच्यातल्या एकाचाही विश्वास बसायचा नाही," मगदूम नाना म्हणाले. "बसलाच, तर ही मिशी उतरवून शकूच्या हातात देतो."

"मी काय करू तिचं? लोणचं घालू?" नवरीची मावशी शकू म्हणाली, आणि सतरंजीवरच्या परगावच्या पाहुण्या बायका हसल्या.

लग्नाच्या आदल्या दिवशीची दुपार होती. हॉलमधले सोफे भिंतीला सरकवून मधे सतरंजी घातली होती आणि तिच्यावर जैबुनमावशी मनेर चुडा भरत बसली होती. वय ऐंशीच्या घरात, पण हात अजून असे चालायचे, की काचेला कळायच्या आत बांगडी मनगटात. तिला ऐकू येत नाही हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. लोक तिच्याशी खुणांनी बोलत. ती मान हलवायची आणि समोरचा पंजा स्वतःच चाचपून माप ठरवायची. नवरीचा, म्हणजे ओवीचा, पंजा तिनं मुठीत दाबून पाहिला होता आणि पेटीतून दोन-आठच्या बांगड्या काढल्या होत्या.

तिथंच शकू बोलून गेली होती. "दोन-आठ? अगं ओवे, आमच्या वेळी नवरीला दोन-चारच्या ढिल्या व्हायच्या. जेवण जरा आवर आता."

ओवी हसली होती, पण हात मागं घेतला होता तिनं. आणि दाराजवळ खुर्चीत पेंगणारे नाना त्या वाक्यानं जागे झाले होते.

नाना म्हणजे ओवीच्या आजोबांचे दोस्त. सरकारी नोकरीतून रिटायर होऊन पंधरा वर्षं झालेली, आणि थापा मारण्यात तालुक्यात पहिला नंबर. त्यांची म्हैस पुरात वाहून गेली ती तिसऱ्या दिवशी एस.टी.नं परत आली, तीही खिडकीजवळच्या सीटवर बसून, हे त्यांनी इतक्यांदा सांगितलं होतं की गावातली निम्मी पोरं त्या म्हशीला नावानं ओळखत. थाप मारताना नाना कधी हसत नसत, म्हणूनच लोक ऐकत.

"मनगटावरून बाईला बोलू नये, शकू," नाना म्हणाले. "या गावातली एक बाई जाता जाता वाचली ती मनगटामुळं. साक्षीदार समोर बसलाय." त्यांनी जैबुनमावशीकडं बोट दाखवलं. "आता साक्षीदाराला ऐकू येत नाही, म्हणून माझं फावतंय ही गोष्ट वेगळी."

"सांगा नाना," ओवी म्हणाली. मावशीला गप्प करायला तिला त्या वेळी म्हशीची गोष्टसुद्धा चालली असती.

मग नानांनी सांगितलं ते असं.

दोन हजार सदतीस साली देशाच्या एकदम लक्षात आलं, की आपण जाड झालोय. इतकी वर्षं भुकेली पोटं मोजायची सवय असलेल्या सरकारला सुटलेली पोटं मोजायची पाळी आली. शहरात दर तिसरा माणूस, गावात दर चौथा, आणि त्यांच्या मागोमाग साखर, रक्तदाब, गुडघे, हृदय. कुणीतरी आकडे मांडले, कुणीतरी ते बघून घाबरलं, आणि 'समतोल अभियान' सुरू झालं. तालुक्यातालुक्याला समतोल केंद्र उघडलं.

औषध चांगलं होतं. हे आधीच सांगायला हवं, नाहीतर तुम्ही सगळा राग औषधावर काढाल. त्याचं नाव 'तृप्ती'. आपण जेवतो तेव्हा आतडं मेंदूला निरोप धाडतं: बस, भरलं. काहींचं आतडं हा निरोप खणखणीत देतं, काहींचं नुसतं पुटपुटतं. ज्याचं पुटपुटतं त्यानं ताटभर खाल्लं तरी डोक्यातली पंगत उठत नाही. ती त्याची हाव नसते, निरोप्याचा आवाज बसलेला असतो एवढंच. आणि असा माणूस उपास करकरून बारीक झालाच, तर शरीराला वाटतं दुष्काळ पडला. ते भूक दुप्पट करतं, आतला जाळ मंद करतं आणि गेलेलं वजन हट्टानं परत आणतं. यावर आधी इंजेक्शनं होती, दर आठवड्याला टोचायची. मग शास्त्रज्ञांनी दह्यातल्या जंतूचाच एक भाऊबंद धरला, त्याच्याकडून तो निरोप पाठ करून घेतला आणि त्याला कॅप्सूलमध्ये भरलं. कॅप्सूल गिळली की जंतू आतड्यात बिऱ्हाड करायचे आणि चार घास पोटात गेले की मेंदूला ओरडून सांगायचे, बस.

फक्त या जंतूंना वेसण होती. त्यांना जगायला लागणारं एक द्रव्य त्यांना स्वतः बनवता येऊ नये, अशी तजवीज करून ठेवलेली. ते द्रव्य दर आठवड्याला पुडीतून घ्यायचं. पुडी थांबली की आठ दिवसांत जंतूंचा वंश खलास, आणि भूक होती तिथं परत. सांगायचे, की हे सुरक्षेसाठी आहे, जंतू भलतीकडं पसरायला नकोत. ते खरंही होतं. पण वेसण म्हटली की ती धरायला कुणीतरी हात पुढं करतोच.

इथं तो हात केला खुर्चीनं.

जोखखुर्ची म्हणायचे तिला. केंद्राच्या हॉलमध्ये मधोमध, पांढरी, दातांच्या दवाखान्यातल्या खुर्चीसारखी. पुडी हवी असेल तर महिन्यातून एकदा तिच्यात बसायचं. ती वजन घ्यायची, कार्डाशी ताडून बघायची आणि एका गोड बाईच्या आवाजात, बाहेरच्या चहावाल्यालाही ऐकू जाईल असा, निकाल सांगायची. वजन उतरलं तर 'अभिनंदन'. नाही उतरलं तर 'आपण प्रयत्न वाढवा'.

"खुर्ची इतकी तिखट," नाना म्हणाले, "की मनात शिवी ठेवून बसलं तरी सत्तर ग्रॅम जास्त दाखवायची."

"नाना," ओवी म्हणाली.

"बरं, पन्नास. आणि एक पैलवान श्वास कोंडून बसला, तर त्याला म्हणाली, श्वास सोडा, मग बोलू. आणि आमदार बसले तेव्हा काहीच बोलली नाही. मोठ्या माणसांसमोर गप्प राहायला तिला आधीच शिकवून ठेवलेलं. यातली शेवटची थाप नाही."

नियम असा, की सलग तीन महिने दोन-दोन किलो उतरलं नाही तर कार्डावर शिक्का बसायचा: असहकारी. शिक्का बसला की पुडी बंद. पुडीच बंद झाली असती तरी माणूस रडतकुढत जगला असता. पण असहकारी माणसाला सरकारी दवाखान्यात दुसरी कसली तपासणी नाही, ऑपरेशन नाही. मोतीबिंदू असो, मूतखडा असो, आधी वजन उतरवा, मग या. जो स्वतःसाठी काही करत नाही त्याच्यासाठी देशानं का करावं, असं त्यामागचं तत्त्वज्ञान. म्हणजे ज्याला औषध लागू पडलं त्याला औषध, आणि ज्याला लागू पडलं नाही त्याला शिक्षा. उद्या ताप उतरला नाही म्हणून रोग्याला कोंडून घालाल. आणि हा नियम कुणा राक्षसानं लिहिला नव्हता. लिहिणारा शिकलेला होता, त्याला चष्मा होता, संध्याकाळी तो मुलांचा अभ्यास घेत असणार. त्याच्या त्या सुबक अक्षराचा मला अजून संताप येतो, नाना म्हणाले, आणि खुर्चीच्या हातावर त्यांनी अशी थाप मारली की पेटीतल्या बांगड्या किणकिणल्या. जैबुनमावशीनं वर न बघता पेटी जरा जवळ ओढली.

त्या साली गावात अनसूया तोडकर नावाची बाई होती. सगळे अनसाक्का म्हणत. शाळेत पावणेतीनशे पोरांची खिचडी ती एकटी शिजवायची. नवरा वसंता, पिठाच्या गिरणीचा मालक. बावन्न वर्षांची, चौऱ्याण्णव किलोची आणि आवाज असा, की पोरं घंटेनं नाही, तिच्या हाकेनं जेवायला येत. आषाढात तिनं तृप्तीची कॅप्सूल गिळली.

आठच दिवसांत तिनं ताटात अर्धी भाकरी ठेवली.

"बरं नाही का?" वसंतानं विचारलं.

"बरंच आहे. डोक्यात शांत झालंय."

"म्हणजे?"

"इतकी वर्षं आत कुणीतरी सारखं वाढत असायचं. घे, अजून घे. झोपेतसुद्धा. आज त्या बयेनं पळी खाली ठेवली." आणि एवढं बोलून तिच्या डोळ्यांत पाणी आलं. इतकी वर्षं आपण हावरट नव्हतो, हे तिला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं होतं.

तीन महिन्यांत अकरा किलो गेले. खुर्चीनं तीनदा अभिनंदन केलं. केंद्राच्या फळ्यावर अनसाक्काचा फोटो लागला, खाली लिहिलं, 'आपणही करू शकता'. वसंता दळण घेऊन येणाऱ्या प्रत्येकाला फोटो बघून या म्हणून सांगायचा.

चौथ्या महिन्यात दोनशे ग्रॅम वाढले.

"आपण प्रयत्न वाढवा," खुर्ची म्हणाली. रांगेतल्या बायकांनी माना फिरवल्या.

पाचव्या महिन्यात चारशे ग्रॅम वाढले. फळ्यावरचा फोटो निघाला. आणि मग काय विचारता. ज्या तोंडांनी कौतुक केलं तीच बोलायला लागली. खिचडीच्या पातेल्यातच डोकं असतं म्हणे. पोरांच्या तोंडचं खाते म्हणे. हेडमास्तरांनी तिला ऑफिसात बोलावलं.

"अनसाबाई, उद्यापासून खिचडीची चव तुम्ही बघायची नाही."

"मग मीठ कसं कळायचं, सर?"

"अंदाजानं."

"पावणेतीनशे पोरांचा अंदाज?"

"वरून आलंय, बाई. मी काय करू?"

तीस वर्षं जिच्या जिभेवर शाळा जेवली त्या बाईच्या जिभेला बंदी. आठवडाभर पोरांनी कधी अळणी, कधी खारट खिचडी गिळली. कुणी तक्रार केली नाही. त्या वयातही त्यांना कळत होतं, की अक्काला काहीतरी झालंय. मोठ्यांना कळलं नाही.

केंद्रानं प्रत्येक घरात एक 'घरचा साक्षीदार' नेमला होता. बायको काय खाते ते नवऱ्यानं वहीत लिहायचं आणि खाली सही करायची. वसंता वाईट माणूस नव्हता. पण माणसाच्या हातात वही आणि पेन दिलं, की त्याला आपण साहेब झाल्यासारखं वाटतं. एके दिवशी अनसाक्कानं फडताळ उघडलं तर शेंगदाण्याच्या लाडवांचा डबा नव्हता.

"डबा कुठाय?"

"गिरणीत. कुलपात."

"का?"

वसंता वहीकडं बघत राहिला. "केंद्रात म्हणाले, घरात काही ठेवू नका. म्हणाले, अशा बायका चोरून खातात."

"अशा म्हणजे कशा?"

त्यानं पेनाला टोपण लावलं.

"अर्धी भाकरी खाते मी," अनसाक्का म्हणाली. "तुमच्या समोर खाते. तुमच्याच हातानं वहीत लिहिता. मग वजन कुठनं येतं ते तुम्हीच सांगा."

"मला काय माहीत? खुर्ची कशाला खोटं बोलेल?"

आणि यातली खरी चीड आणणारी गोष्ट अशी, की खुर्ची खोटं बोलत नव्हती. वजन म्हणजे काय? पृथ्वी तुम्हाला किती जोरानं खाली ओढते, एवढंच. पृथ्वीला चरबी कळत नाही, पाणी कळत नाही, पोटातलं पोर कळत नाही. ती सगळ्याला सारखीच ओढते. खुर्ची तेवढा ओढा मोजून आकडा सांगत होती. त्या आकड्यात काय काय आहे हे बघायचं काम डोळे असलेल्या माणसांचं होतं, आणि माणसांनी खुर्ची आली म्हणून डोळे मिटून घेतले होते. जिल्ह्याचे डॉक्टर पडद्यावर दिसत. अनसाक्का त्यांना सांगायला गेली, की पोट जड वाटतं, दम लागतो. त्यांनी कार्डावरच्या दोन खुणा बघितल्या आणि म्हणाले, वजन उतरवा, दम लागणार नाही. तिच्याकडं बघितलंच नाही. पडद्यावर बघायला कार्ड मोठं होतं, बाई लहान.

शेवटी अनसाक्काला स्वतःचाच संशय यायला लागला. आपण झोपेत उठून खातो की काय? तर तिनं काय करावं? झोपायच्या आधी गिरणीतलं पीठ आणून स्वयंपाकघराच्या फरशीवर भुरभुरलं. सकाळी उठून बघितलं. पाऊल नाही, बोट नाही, एका मुंगीची रेघ तेवढी. सलग नऊ दिवस तिनं पीठ पसरलं आणि नऊ दिवस झाडलं. आपल्या घरात, आपल्याच पावलांवर पाळत. बाईला इथवर आणून ठेवलं होतं त्यांनी.

हॉलमध्ये कुणी हसत नव्हतं. ओवीनं मागं घेतलेला हात केव्हाच पुढं केला होता आणि जैबुनमावशी एकेक बांगडी चढवत होती, आधी एक मोरपंखी, मग हिरव्या.

"ही," नाना तिच्याकडं मान करून म्हणाले, "संक्रांतीच्या आधी अनसाक्काच्या दारात आली. डोक्यावर पेटी, पंचावन्नची असेल तेव्हा. तेव्हा ऐकू यायचं तिला."

"दोन-दहाच ना, अक्का?" जैबुननं विचारलं आणि सवयीनं बांगड्या काढल्या. दरवर्षी त्या दोन-दहाच्या बांगड्या चढवताना साबण लागायचा. या वेळी पंजा न दाबताच आत गेल्या. अनसाक्कानं केस मागं सारायला हात वर केला तशा डझनभर बांगड्या कोपरापर्यंत गेल्या, आणि खाली केला तशा सगळ्या ओट्यावर येऊन पडल्या. दोघी त्यांच्याकडं बघत राहिल्या.

जैबुननं दोन-आठच्या घालून बघितल्या. सैल. दोन-सहाच्या बसल्या.

"आजारी होतीस?"

"छे. खाऊन माजलेय म्हणतात."

"कोण म्हणतं?"

"खुर्ची म्हणते. मग सगळे म्हणतात."

जैबुननं तिचं मनगट सोडलं नाही. "तीस वर्षं मी बायकांचे हात धरतेय. कुणाला दिवस गेले ते सासूच्या आधी मला कळतं. या हातावर मांस नाही राहिलं, अक्का. हाड लागतंय. इथनं एवढं गेलं आणि वजन तेवढंच, तर मग ते आहे कुठं?"

तिनं खाली बघितलं. लुगड्याच्या निऱ्यांवर पोट पुढं आलं होतं. "हात लावू?" म्हणाली. लावला. बराच वेळ तसाच ठेवला.

"चरबी मऊ असते," ती हळूच म्हणाली. "हे ढोलकीवाणी ताणलंय. तुझी पाळी गेली ना?"

"कधीच."

"मग हे भलतंच काहीतरी आहे. चल केंद्रात. परवा तुझा नंबर आहे ना खुर्चीवर? मी येते."

आता केंद्रातला प्रसंग. इथं नानांनी पाणी मागितलं, अर्धा तांब्या प्यायले आणि मग बोलले.

केंद्रात एक कारकून होता. त्याचं नाव राहू दे. त्याच्या टेबलावर पडदा, पडद्यावर दोन कळा. डावीकडं 'असहकारी', उजवीकडं 'शंका'. शंकेची कळ कुणाला फारशी माहीत नव्हती. ती दाबली की शिक्का पंधरा दिवस थांबायचा आणि बाईची सोनोग्राफी सरकारला करावीच लागायची. नियम लिहिणाऱ्या त्या चष्मेवाल्यानं तेवढी एक फट ठेवली होती. पण ज्या केंद्रातून शंका जास्त, ते केंद्र जिल्ह्याच्या यादीत खाली. आणि साहेब आदल्याच आठवड्यात येऊन सांगून गेले होते, की या वर्षी आपल्याकडं शंका शून्य आहेत, त्या शून्यच राहतील. जो दाबेल तो गडचिरोलीला जाईल. कारकुनाची पोरगी त्या साली दहावीला होती. टेबलाच्या काचेखाली तिचा फोटो होता, दोन वेण्या, उजवीकडची रिबीन सुटलेली. पंखा बंद होता. त्याच्या पेनाची शाई गळून अंगठ्याला लागली होती, आणि तो ती सारखी पुसत होता.

"नाना, तुम्हाला रिबीनसुद्धा माहीत?" ओवी म्हणाली.

"गोष्ट सांगणाऱ्याला सगळं माहीत असावं लागतं."

अनसाक्का खुर्चीत बसली. चौऱ्याऐंशी किलो तीनशे. "आपण प्रयत्न वाढवा," खुर्ची म्हणाली. "ही तिसरी आणि शेवटची सूचना."

अनसाक्का उठली नाही. तिथनंच म्हणाली, "भाऊसाहेब, मी खात नाही हो." आरडाओरडा नाही, काही नाही. पावणेतीनशे पोरांना हाक मारणाऱ्या बाईचा आवाज खुर्चीच्या आवाजापेक्षा लहान झाला होता.

तेवढ्यात जैबुन पुढं झाली. तिनं टेबलाच्या काचेवर, बरोबर त्या फोटोवर, दोन बांगड्या ठेवल्या. एक मोठी, एक लहान.

"साहेब, ही गेल्या संक्रांतीची, दोन-दहाची. ही परवाची, दोन-सहाची. बाई एकच. मनगटातनं एवढी बाई निघून गेली, तर तुमची खुर्ची काय जोखतेय?"

"बाई, बांगडीचा रकाना नाही यात," कारकून म्हणाला.

"रकाना नसला म्हणून बांगडी नाही का? तुम्हाला दिसतेय ना? हातात घेऊन बघा."

कारकुनानं बांगड्या हातात घेतल्या. लहान बांगडी मोठीतून आरपार गेली. रांग थांबली होती. मागनं कुणीतरी म्हणालं, आटपा की, दुपार झाली. साहेबांचं वाक्य त्याच्या कानात होतं, पोरीची रिबीन डोळ्यासमोर होती, आणि समोर ती बाई खुर्चीच्या हाताला धरून बसली होती, कारण उठायला तिला दम नव्हता.

"आणि त्यानं," नाना म्हणाले, "उजवीकडची कळ दाबली. शंका."

सतरंजीवरच्या बायकांनी श्वास सोडला.

मग काय, पंधरा दिवसांत सोनोग्राफी. अंडाशयावर गाठ, पाण्यानं भरलेली, नऊ किलोची. नऊ. कोहळ्याएवढी. चरबी उतरत होती आणि गाठ भरत होती, आणि खुर्ची दोन्ही मिळून जोखत होती. जिल्ह्याला ऑपरेशन झालं. गाठ बघायला डॉक्टर लोक जीपा भरभरून आले, एकानं तिच्यासोबत फोटो काढला आणि घरी बायकोला पाठवला. कारकुनाची बदली झाली, पण गडचिरोलीला जाता जाता तो हसत गेला. वसंतानं वही गिरणीत घातली आणि दळून तिचं पीठ केलं. लाडवांचा डबा स्वतः डोक्यावरून घरी आणला. हेडमास्तरांनी पहिली पळी अनसाक्काच्या हातात दिली आणि म्हणाले, बाई, मीठ बघा. खुर्चीविरुद्ध अशी बोंब उठली, की दोन वर्षांत ती गेली भंगारात. आपल्या केंद्रातली आता बाळू न्हाव्याकडं आहे, जाऊन बघा, दाढी करताना अजून मधूनच 'अभिनंदन' म्हणते.

"आणि पुढच्या संक्रांतीला," नानांचा आवाज भरून आला होता, "या जैबुननं तिला दोन-चारच्या बांगड्या भरल्या. हिरव्यागार. अशा घट्ट बसल्या, की अनसाक्का साऱ्या आळीत हात वाजवत फिरली. म्हणून म्हणतो शकू, मनगटावरून बाईला बोलू नये. तिथं कुणीतरी वेळेवर बघितलं म्हणून ती वाचली."

शकूनं पदरानं डोळे टिपले. ओवीच्या खांद्यावर हात ठेवून ती म्हणाली, "चुकलं गं माझं." मग नानांकडं वळून, "आणि नाना, उतरवा ती मिशी. माझा विश्वास बसला."

सगळे हसले. नानाही मिशीवर हात फिरवत उठायला लागले.

"दोन-चारच्या नव्हत्या."

आवाज कुणाचा हे आधी कुणाला कळलंच नाही. जैबुनमावशीनं वर बघितलं नव्हतं. ओवीचा पंजा तिच्या मुठीत होता आणि शेवटची बांगडी बोटांच्या पेरांवर थांबली होती.

"मावशी, तुम्हाला ऐकू येतं?" ओवी म्हणाली.

"लोक ओरडून बोलायचे थांबले, म्हणून राहू दिलं तसंच." तिनं बांगडी अलगद आत सरकवली. मग मान वर करून दाराकडं बघितलं, जिथं नाना खुर्चीचा हात धरून अर्धे उठलेले होते.

"खोटं सांगितलंत, मगदूम कारकून. दोन-चारच्या मी तिला कधी भरल्याच नाहीत. पुढची संक्रांत तिनं बघितली नाही. आषाढात वसंता मला बोलवायला आला, सवाष्ण गेली, चुडा भरायला चल म्हणून. दोन-दोनच्या भरल्या मी, शाळेतल्या पोरीच्या मापाच्या. हात गार होता, चार फुटल्या. गाठ होती हे तिला न्हाऊ घालताना कळलं. तुमच्या खुर्चीचं बाकी सगळं खरं आहे, पीठसुद्धा खरं आहे. पण शंकेची कळ उजवीकडं होती, आणि तुमचं बोट डावीकडं गेलं. मी समोर उभी होते."